मी तो शब्द म्हणत नाई

"म्हणा बाई. लाजू नका. दिवसभर बसमध्ये गावांची नावं ओरडता ना? तसंच ओरडायचं."

डॉक्टर माझ्या खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यायच्या मागं शिकणारे डॉक्टर, पोरं-पोरी, सारे पांढऱ्या कोटात. माझ्या पोटाले टाके होते. लघवीची नळी सकाळीच काढली होती. पट्टी पाहाले गाऊन वर केला होता, अन् पट्टी पाहून झाल्यावर तो खाली करायचं कोणाच्याच ध्यानात नव्हतं. मी झोपल्या झोपल्या हातानं ओढून राह्यली होती. हात पुरत नव्हता.

अन् मले एक शब्द म्हणायचा होता.

सुरुवात माझ्यापासून झाली नव्हती. डॉक्टरनं त्या शिकणाऱ्यायपैकी एका पोरीले विचारलं होतं, या पेशंटचं आपण काय केलं. पोरगी बारीक, चष्मेवाली. तिनं इंग्रजीत उत्तर देलं. लांबलचक शब्द होता. त्यात शेवटी तिनं 'ऊफोरेक्टॉमी' असं काई तरी म्हटलं. डॉक्टर थांबले.

"ऊफो? उडती तबकडी आहे का ही?"

सारे हसले. पोरगी लाल झाली. मंग डॉक्टरनं तिले शिकवलं. हा ग्रीक शब्द आहे म्हणे. यात दोन ओ आहेत, ते वेगवेगळे म्हणायचे. ओ-ओ-फो-रेक-टॉमी. त्याच्या आधी सॅल-पिन-गो. तुकडे करा म्हणजे जीभ अडकत नाही. "ग्रीक शब्द आहे, त्याला मान द्या," असं म्हटलं त्यायनं. हे मले पक्कं आठवते, कारण तवा माझा गाऊन वरच होता.

पोरगी पुन्हा अडकली. तिचा आवाज रडायच्या घाईले आला होता. तवा डॉक्टरनं माझ्याकडं पाह्यलं. मी काय काम करते ते त्यायले माहीत होतं. ते हसून म्हणे, हिला नाही जमत, या कंडक्टर बाईला जमेल.

मी म्हटलं. काऊन म्हटलं, ते आजबी नाई सांगता येत. डॉक्टर म्हणा म्हणते तं पेशंट म्हणतो. श्वास घ्या म्हणते तं घेतो, जीभ दाखवा म्हणते तं दाखवतो. मले वाटलं, हेबी तसंच असन, तपासणीतलंच काई. मी म्हटलं, "सालपिंग... ओ... फोर..."

हसले.

"पुन्हा. तुकडे करून."

"सालपिंगो. ओ, ओ. फोरेक. टामी."

"मोठ्यानं. मागच्या सीटपर्यंत आवाज गेला पाहिजे."

मी मोठ्यानं म्हटलं. टाके ताणले. पोटातून एक कळ निघाली ते थेट मांडीपर्यंत गेली. डोळ्यात पाणी आलं. पोरं हसत होती, बाजूच्या खाटेवरची बाईबी हसली, तिले वाटलं काई तरी गंमत चालली. डॉक्टर त्या चष्मेवाल्या पोरीले म्हणे, बघा, कंडक्टरला येतं, तुम्हाला येत नाही. मंग सारे पुढच्या खाटेकडं गेले. जाता जाता कोणी तरी माझा गाऊन खाली केला. कोण होतं ते मी पाह्यलं नाई. डोळे मिटून घेतले होते.

तो शब्द माझ्याबद्दल होता, हे मले त्या दिवशी समजलं नाई. मले वाटलं, त्या पोरीच्या परीक्षेतला असन.

आता मी कोण ते सांगते. वर्ध्याच्या डेपोत एसटीची कंडक्टर आहे. माहेर नाचणगावकडचं. बाप दुसऱ्याच्या वावरात सालानं कामाले होता. त्याच्या पोरीनं खाकी घातली तवा गल्लीतल्या बाया दारात येऊन पाहत होत्या. माझं आडनाव मी इथं सांगत नाई. आडनाव ऐकलं की समोरच्याचा आवाज कसा बदलते, ते मले लहानपणापासून माहीत आहे. कोणी एकदम गोड बोलते. कोणी एकदम तू म्हणते. तिकिटाच्या मशीनीले आडनाव लागत नाई, म्हणून मले हे काम आवडलं. माणूस चढते, कुठं जायचं सांगते, पैसे देते, उतरते. माझं काम गाव वरडायचं. माझा आवाज मोठा आहे, खणखणीत आहे, अन् मले त्याचा गर्व होता. डॉक्टरनं नेमका तोच उचलला.

आजाराची गोठ अशी. दीड-दोन वर्षं अंगावरून जाणं थांबतच नव्हतं. माझी गाडी वर्धा ते गिरड, मधात हिंगणघाट, समुद्रपूर. हिंगणघाटच्या स्टँडवर उतरून मी धावत बाथरूमले जात होती, अन् परत येईपर्यंत ड्रायव्हर गाडी उगाच थांबवून ठेवत होता. तो कधी काई विचारत नव्हता. पुरुषानं न विचारणं हेच त्याचं चांगलं वागणं होतं, त्याले दुसरं माहीत नव्हतं. खाकीवर डाग पडला तं मी पैशाचं पाकीट मागं घेऊन उभी राहत होती. अंगातलं रक्त कमी झालं. एक दिवस समुद्रपूरच्या पुढं गाडीतच चक्कर आली अन् खांब पकडता पकडता खाली बसली.

मंग नवऱ्यानं या डॉक्टरकडं नेलं. खाजगी दवाखाना, शिकणारे डॉक्टर तिथं ट्रेनिंगले येत. कोणत्या गावातला ते सांगायची गरज नाई. मोठा डॉक्टर, हात चांगला आहे म्हणत होते लोक. सोनोग्राफी केली. पिशवीत गाठी आहेत म्हणे. मुलगी आहे ना एक? मग आता पिशवी ठेवून काय करायचं, काढून टाका.

पिशवीले मी हो म्हटलं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं लोक हेच विचारतात. पिशवी काढा म्हणून मीच कागदावर सही केली. गाठी पिशवीत होत्या, रक्त पिशवीतून जात होतं, मले ते समजलं होतं. त्या सहीचं मले काई दुःख नाई.

घरी आली. महिनाभर झोपून राह्यली, मंग हळूहळू घरातलं काम, मंग ड्युटी. रक्त थांबलं होतं. मले वाटलं, सुटली.

पण अंग माझं राह्यलं नव्हतं.

थंडीचे दिवस. गाडीत लोक शाली गुंडाळून, कानाले मफलर बांधून बसलेले. अन् मले छातीतून आग उठायची, मानेवरून कपाळापर्यंत चढायची, घामाच्या धारा लागायच्या. तिकीट देता देता मशीन हातातून घसरायचं. लोक पाहायचे. एका म्हातारीनं मले सरळच विचारलं, ताप आहे का व बाई तुले. थोड्या वेळानं तोच घाम थंड पडून दात वाजायचे. झोप गेली. गुडघे असे धरले की गाडीच्या पायऱ्या चढतानी दांडा पकडून अंग वर ओढावं लागे. अन् रडू. सुट्या पैशावरून एक माणूस वसकन बोलला, तं मी त्याच्यासमोर रडली. बारा गावचे लोक रोज भांडते माझ्यासंग, मी कधी रडली नव्हती.

डेपोतल्या बायायले सांगतलं तं म्हणे, पिशवी काढली की असंच होते. सासू म्हणे, डोक्यात गर्मी चढली. पोरगी नागपूरले होस्टेलात, अकरावीले. तिले फोनवर काय सांगू. नवरा जिनिंगमध्ये कारकून. सीझनचे दिवस, कापसाच्या गाड्या फाटकापासून रस्त्यावर लागलेल्या, तो घरी आला की केसावर, भुवयावर रुई चिकटलेली. तो माझ्याकडं पाहायचा अन् नजर काढून घ्यायचा. मले वाटे, मी नकोशी झाली. खरं कारण वेगळं होतं. ते मले मंग समजलं.

डॉक्टरकडंबी गेली. घाम येते, झोप येत नाई, असं सांगतलं. ते मोबाईल पाहत होते. होतं असं काही बायकांना, मन रमवा म्हणे. गोळी लिहून देली. झोपेची होती.

हे सारं चालू असताना तो शब्द माझ्या डोक्यातून गेला नव्हता. माणसाले चांगलं बोललेलं आठवत नाई, पण ज्या शब्दावर लोक हसले तो शब्द राहते. मले त्याचा एक एक तुकडा आठवत होता, कारण एका एका तुकड्यावर कोणी तरी हसलं होतं. गिरडहून परत येताना कधी कधी गाडी रिकामी असते. तिथल्या दर्ग्यावरून आलेले दोन-चार लोक पुढं बसलेले, मागं कोणी नाई. मी मागच्या सीटवर बसायची अन् तोंडातल्या तोंडात म्हणून पाहायची. सालपिंगो. ओ. ओ. फोरेक्टामी. मी कुठं चुकली ते शोधत होती. आता सांगतानी मले स्वतःचा राग येते. त्यायनं माझा तमाशा केला, अन् मी मात्र माझा उच्चार सुधरवून राह्यली होती.

एक दिवस समुद्रपूरच्या स्टॉपवर ती चष्मेवाली पोरगी गाडीत चढली.

पांढरा कोट नव्हता. पंजाबी ड्रेस, पाठीवर बॅग. मी लगेच ओळखलं. तिनंबी मले ओळखलं असन, कारण तिनं तिकिटाचे पैसे देतानी मान वर केली नाई. हिंगणघाट म्हटलं फक्त. मी तिकीट देलं. मंग पुढची सारी तिकिटं काढून झाल्यावर मी तिच्या बाजूच्या सीटवर जाऊन बसली. म्हटलं, तुमी त्या दवाखान्यात होत्या ना. ती हो म्हणे. आता ट्रेनिंग संपलं, इकडं एका आरोग्य केंद्रात लागली आहे म्हणे. तब्येत कशी आहे, ते विचारलं तिनं. मी बरी आहे म्हटलं. सवयीनं म्हटलं.

मंग मी विचारलं, "तो शब्द काय होता? ओ-ओवाला."

ती खिडकीबाहेर पाहाले लागली. मले वाटलं, सांगत नाई ही. पण थोड्या वेळानं ती माझ्याकडं वळली अन् हळू आवाजात सांगाले लागली, शाळेतल्या बाई सांगतात तसं.

"हे शब्द मागून वाचायचे असतात, ताई. टॉमी म्हणजे कापणं. त्याच्या आधी 'एक्', म्हणजे बाहेर. एक्टॉमी म्हणजे कापून बाहेर काढणं."

"अन् ओ-ओ?"

"ओ-ओ म्हणजे अंडं. फोर म्हणजे धरून ठेवणारं, वाहणारं. अंडं धरून ठेवणारं ते अंडाशय."

"सालपिंगो?"

"तुतारी. अंडाशयापासून पिशवीकडं जी नळी येते ना, ती तोंडाशी पसरट असते, तुतारीसारखी. म्हणून."

मले ते ऐकून चांगलं वाटलं. खोटं काऊन बोलू. इतका मोठा, इतका कडक शब्द, अन् आत पाह्यलं तं अंडं अन् तुतारी. खेड्यातल्या कोणत्याबी बाईले समजन असा. मी मनात तुकडे जोडले. नळी अन् अंडाशय कापून काढणं. बस, एवढंच होतं. मंग मी सहज विचारलं, "कोणाचं?"

तिनं माझ्याकडं पाह्यलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहूनच मले समजलं. तरी मी तिच्या तोंडून ऐकायची वाट पाहत राह्यली.

"ताई, तुमचंच. तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

"पिशवी सांगतली होती."

"पिशवी, आणि दोन्ही बाजूचं हेही. दोन्ही अंडाशयं."

मंग ती भरभर सांगत गेली. पिशवी काढली की पाळी थांबते, पण अंडाशय काढलं की पाळी जायच्या वयातलं सारं एकदम येते, हळूहळू नाई. म्हातारपणी जे अंगात होते ते एका दिवसात होते. आग, घाम, झोप, हाडं, सारं त्यानंच. माझ्या वयाले ते ठेवता आलं असतं का, असं मी विचारलं. ती म्हणे, माझ्या माहितीत त्यात काही खराबी निघाली नव्हती, पण मी तेव्हा शिकत होते, मला विचारू नका. दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, ताई. यावर औषध असतं. हाडांसाठी गोळ्या तरी सुरू करा.

मधात एका गावचा फाटा आला. कोणी तरी मागून वरडलं, उतरायचं आहे. मी उठली. घंटी वाजवली. लोक उतरले, दोन चढले. त्यायचं तिकीट काढलं. सुटे देले. पुन्हा घंटी वाजवली. हे सारं माझ्या हातानं केलं. मी त्यात नव्हती.

परत येऊन बसली तवा ती पोरगी रडून राह्यली होती. म्हणे, मीही हसले होते त्या दिवशी. माझ्यावरचं तुमच्यावर गेलं म्हणून मला बरं वाटलं होतं. तिले माफ करण्याएवढी जागा माझ्यात तवा नव्हती. हिंगणघाटले उतरतानी ती म्हणे, सरांना माझं नाव सांगू नका. मी म्हटलं, मले तुमचं नावच माहीत नाई.

दवाखान्याचा कागद घरी होता. तो मी पाह्यला होता आधीबी. त्यात ऑपरेशनच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं होती, टीएएच, बीएसओ. गाडीच्या नंबरासारखी. त्यातून कोणाले काय समजन.

त्या संध्याकाळी नवरा आला. हातपाय धुतले. मी चहा ठेवला नव्हता. ते पाहून त्याले समजलं काई तरी आहे. मी विचारलं, ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरनं तुमाले काई विचारलं होतं का.

तो खाली बसला. मंग सांगतलं. ऑपरेशन चालू असताना डॉक्टर बाहेर आले होते. हिरव्या कपड्यात, तोंडाले मास्क. त्यायनं इंग्रजीत तो लांब शब्द म्हटला, तेही करून टाकतो म्हटलं, पुढं कॅन्सरची भानगड नको. समजलं ना, असं विचारलं.

"अन् तुमी?"

"मी हो म्हटलं."

"समजलं होतं?"

"नाई."

"मंग हो काऊन म्हटलं?"

तो म्हणे, "चार लोक उभे होते."

एवढंच. माझा नवरा वाईट माणूस नाई. जिनिंगमध्ये मालक त्याले एकेरीत हाक मारते तं तो घरी येऊन दोन तास बोलत नाई. त्या दवाखान्याच्या दारात साहेबाच्या तोंडावर 'मले नाई समजलं' म्हणायची त्याची हिंमत झाली नाई. मंग घरी येऊन मले सांगायची झाली नाई. काय सांगू, काय काढलं तेच माहीत नव्हतं, असं म्हणे. माझा घाम पाहून त्याले वाटत होतं की आपल्या त्या 'हो'मुळंच काई तरी झालं. म्हणून नजर काढून घेत होता. एका घरात, एका खोलीत, आमी दोघं तोच शब्द घेऊन बसलो होतो. मी एकटी, तो एकटा.

मले त्याची कीव आली. अन् त्याच वेळी इतका राग आला की मी उठून बाहेर जाऊन बसली. चार लोकात त्याची लाज राह्यली. त्या लाजेची किंमत माझ्या अंगातून गेली. हे मी त्याले तोंडावर सांगतलं. तो हो म्हणे. पुन्हा हो. ते ऐकून मले आणखीनच एकटं वाटलं.

मी दवाखान्यात गेली. ड्युटी संपवून, खाकीतच गेली. नवरा येतो म्हणत होता, मी नको म्हटलं.

बाहेर बाकावर बाया बसलेल्या. नंबर आला. आत डॉक्टर, त्यायची नर्स, अन् कोपऱ्यात दोन नवीन शिकणारी पोरं. दार उघडंच होतं, पडदा अर्धा. डॉक्टरनं कागद पाह्यला, मले ओळखलं. अरे, कंडक्टर बाई, म्हणे. चढा टेबलवर, बघू.

मी चढली नाई. उभी राह्यली. म्हटलं, पहिले मले सांगा, माझ्या अंगातून काय काय काढलं.

ते म्हणे, पिशवी काढली ना, तुम्हीच सही केली होती.

म्हटलं, अन् अजून? तो ऊफो... तो शब्द. मी ठरवून गेली होती की बरोबर म्हणीन. महिनेच्या महिने म्हणून पाह्यला होता. पण ऐन वेळी जीभ घसरली. 'ऊफोरेक' असंच तोंडातून निघालं, त्या पोरीसारखं. कोपऱ्यातलं एक पोरगं हसलं. डॉक्टरबी हसले. रागानं नाई, गमतीनं. त्यायले खरंच गंमत वाटत होती.

"ओ-ओ, बाई. विसरलात? दोन ओ. तुकडे करून म्हणा."

मी टेबलाची कड पकडली. म्हटलं, "नाई म्हणत."

"काय?"

"मी तो शब्द म्हणत नाई. तो म्हणायचं काम माझं नाई. तो समजावून सांगायचं काम तुमचं आहे. मराठीत सांगा. काय काढलं, काऊन काढलं, मले काऊन नाई विचारलं."

बाहेरच्या बाया ऐकून राह्यल्या होत्या, मले माहीत होतं. माझा आवाज मोठा आहे.

डॉक्टर शरमले नाई. तसं काई झालं नाई, अन् मी खोटं सांगणार नाई. त्यायच्या कपाळावर आठ्या आल्या. नेटवर वाचून येता आणि डॉक्टरला शिकवता, असं म्हणे. तुमच्या नवऱ्याला विचारलं होतं. मी म्हटलं, अंग माझं होतं, त्यायले समजलं नव्हतं. ते म्हणे, मग तसं सांगायचं होतं त्यांनी. मी तिथंच उभी. टेबलावर चढत नाई अन् बाहेरबी जात नाई. नर्सनं माझ्या दंडाले हात लावला, मी तो काढला.

शेवटी त्यायनं सांगतलं. पेन टेबलावर आपटून सांगतलं, माझ्याकडं न पाहता. दोन्ही बाजूची अंडाशयं आणि नळ्या काढल्या. खराब नव्हत्या, पण पुढं त्यात कॅन्सर होऊ शकतो म्हणून पोट उघडलंच आहे तर काढून टाकल्या. पाळी जायच्या वयात जे होतं ते त्यामुळं तुम्हाला आताच होतंय.

दोन-तीन वाक्यं. साध्या मराठीतली. सांगाले मिनिटबी लागलं नाई.

मले वाटलं होतं, उत्तर ऐकलं की काई तरी हलकं होईन. नाई झालं. उलट तवा समजलं की हे इतकं सोपं होतं. ऑपरेशनच्या आधी सांगता आलं असतं. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून, ज्या वेळात माझ्याकडून तो शब्द वरडून घेतला त्या वेळात सांगता आलं असतं. सांगाले कठीण होतं म्हणून राह्यलं असं नाई. मले सांगायची गरज आहे असं कोणाले वाटलंच नाई. लांब शब्दामागं लपणं त्यायले सोपं गेलं, अन् त्या शब्दासमोर गप्प बसणं आमाले.

औषधाचं विचारलं. लिहून देतो म्हणे. मी म्हटलं, तुमच्याकडून नको. दुसरीकडं जाईन. मंग मी बाहेर आली.

बाकावरच्या बाया माझ्याकडं पाहत होत्या. मी पायऱ्या उतरून रस्त्यावर आली तं एक बाई मागून आली. माझ्यापेक्षा लहान असन. डोक्यावर पदर, हातात सोनोग्राफीची पिशवी. म्हणे, बाई, मलेबी काढाले सांगतलं आहे. काय काय काढते ते?

मी तिले म्हटलं, हे मले नको विचारू, डॉक्टरले विचारजो. आत जाऊन विचारजो, काय ठेवता अन् काय काढता. मराठीत सांगा म्हणजो. समजलं नाई तं पुन्हा विचारजो. मी येते तुझ्यासंग आत, चाल.

ती दवाखान्याच्या दाराकडं पाहाले लागली. तिथं तिचा माणूस उभा होता, फटफटीले टेकून. "त्यायले विचारून पाहते," असं म्हणे, अन् गेली. ती त्याच्याशी काई तरी बोलली. त्यानं माझ्या खाकीकडं पाह्यलं, मान हलवली, अन् दोघं आत गेले. मी बराच वेळ थांबली. कोणी मले बोलवाले आलं नाई.

आता मी दुसऱ्या डॉक्टरीणबाईकडं जाते. औषध सुरू आहे. आग कमी झाली, गेली नाई. जे काढलं ते परत येत नाई, ते कोणी परत आणू शकत नाई. डेपोत माझं नाव पडलं आहे, डॉक्टरशी भांडलेली बाई. नवऱ्याशी मी बोलते, पण त्या दिवसानंतर दवाखान्यात त्याले माझ्यासंग आत येऊ देत नाई. त्याले ते लागते. लागू दे.

पोरीले मी सारं सांगतलं. फोनवर नाई, समोर बसवून. तिले म्हटलं, तुझ्या अंगाबद्दल तुझ्या बापानं, उद्या तुझ्या नवऱ्यानं, कोणी 'हो' म्हटलं तं ते तुझं 'हो' नसते. तिले किती समजलं मले माहीत नाई.

माझं मात्र पक्कं झालं आहे. यापुढं माझ्याबद्दल जे बोलायचं ते माझ्याशी बोला, माझ्या तोंडाकडं पाहून बोला, माझ्या बोलीत बोला. मले समजलं नाई तं मी 'नाई समजलं' म्हणीन. चार लोकात म्हणीन, शिकलेल्यायच्या समोर म्हणीन, कोणी हसलं तरी म्हणीन. जितक्या वेळा नाई समजलं तितक्या वेळा म्हणीन. अन् समजेपर्यंत माझ्या अंगाले कोणाचा हात लागणार नाई.